सोशीकपणाचें माप

टांकीचे घाव सोसल्यावांचून देवपण येत नाहीं, हें वचन आपल्यांपैकीं बहुतेकांनीं लहानपणीं ऐकलेलें आहे आणि मोठेपणीं दुसऱ्यांना ऐकविलेलेंही आहे. परीक्षेंत अपयश आलेल्या मुलाला, सासरच्या जाचानें कष्टी होऊन माहेरीं आलेल्या मुलीला, नोकरीच्या पहिल्याच वर्षीं वरिष्ठांच्या कठोरपणानें खचलेल्या तरुणाला, फार काय, दुष्काळानें गांजलेल्या शेतकऱ्यालासुद्धां आपण हेंच औषध पाजतों. औषध स्वस्त आहे, आणि देणाऱ्याला तें स्वतः घ्यावें लागत नाहीं. कष्टांनीं मनुष्य घडतो व सुखानें बिघडतो, ही समजूत आपल्या मनांत इतकी मुरलेली आहे कीं, ती तपासून पाहण्याची आवश्यकताच कोणास वाटत नाहीं. ती सर्वस्वीं खोटी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु ती कितपत खरी आहे, कोणाच्या बाबतींत खरी आहे, आणि ती दुसऱ्यास सांगण्याचा अधिकार कोणाला पोंचतो, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वरील वचनांतील दृष्टांत दगडाचा आहे. त्याच्या जोडीला नेहमीं येणारा दुसरा दृष्टांत सोन्याचा. तें आगींत घातल्यानें उजळतें म्हणतात. पण दगड आणि सोनें या दोन्ही वस्तु निर्जीव आहेत. दगडाला घाव कळत नाहीं, सोन्याला आंच जाणवत नाहीं. शिवाय फुटलेल्या दगडाबद्दल कोणी सुतक धरीत नाहीं. सजीवाच्या सोसण्याविषयीं बोलावयाचें तर दृष्टांतही सजीवाचाच घ्यावा हें बरें. म्हणून आम्ही एका फुलझाडाचा दृष्टांत घेतों. थंड देशांतील बागवानांना दरवर्षीं हिंवाळ्याच्या तोंडावर या झाडाविषयीं एक निर्णय करावा लागतो, आणि तो निर्णय आमच्या प्रश्नाशीं फार जवळून निगडित आहे.

तें झाड म्हणजे ग्लॅडिओलस. हें फूल आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. समारंभांतील पाहुण्यांस द्यावयाच्या गुच्छांत आणि दिवाणखान्यांतील फुलदाणींत तें हमखास दिसतें. पानें लांब व टोंकदार असतात. लॅटिन भाषेंत तरवारीला ग्लॅडिअस म्हणतात, त्यावरून हें नांव पडलें. सरळ दांड्यावर खालून वर एकामागून एक फुलें उमलत जातात. परंतु या झाडाचें सर्वस्व जमिनीखालीं असतें. तेथील कंद कांद्यासारखा पापुद्र्यांचा नसून सुरणासारखा किंवा अळकुडीसारखा भरीव असतो. खोडाचाच तो फुगलेला बुंधा. त्यांत पुढील हंगामाची शिदोरी सांठविलेली असते. या शिदोरीवर अंकुर फुटतो, पानें येतात, फुलें येतात, आणि तोंपर्यंत लावलेला कंद सुरकुतून जातो. त्याच्या डोक्यावर त्याच हंगामांत नवा कंद तयार होतो, आणि नव्याजुन्याच्या सांध्याशीं वाटाण्याएवढ्या किंवा त्याहून बारीक पिलांचा घोस लागतो. हीं पिलें निराळीं लावलीं तर दोनतीन वर्षांनीं फुलावर येतात.

ग्लॅडिओलसच्या अडीचशेंहून अधिक जाती आहेत, आणि त्यांतील बहुसंख्य आफ्रिका खंडांतील, विशेषतः दक्षिण आफ्रिकेंतील आहेत. तेथून कंद युरोपांत गेले आणि बागवानांनीं त्यांचे संकर केले. १८४१ च्या सुमारास बेल्जममधील घेंट येथून अशी एक संकरित जात बाजारांत आली, आणि त्या शहराच्या लॅटिन नांवावरून तिला गँडाव्हेन्सिस म्हणूं लागले. पुढें संकरावर संकर होत आजचीं टपोरीं, नाना रंगांचीं फुलें निर्माण झालीं, आणि जेथें हिंवाळ्यांत जमीन दगडासारखी गोठते अशा युरोप-अमेरिकेंतील प्रदेशांतही तीं बागांची शोभा झालीं. अडचण एवढीच कीं, फूल त्या देशांत गेलें तरी कंदाची प्रकृति मूळ देशाचीच राहिली. चारसहा इंच खोल लावलेल्या कंदापर्यंत जमीन गोठली म्हणजे तो मरतो.

म्हणून तेथील बागवान शरदांत पानें पिवळीं पडूं लागलीं कीं कंद उकरून काढतो. माती झाडतो, पानें कापतो, हवेशीर जागीं दोनतीन आठवडे वाळवितो, खालचा सुरकुतलेला जुना कंद मोडून टाकतो, आणि उरलेले जाळीच्या पिशवींत भरून कोरड्या, गार, पण न गोठणाऱ्या तळघरांत टांगून ठेवितो. वसंतांत जमिनीचा गारठा सरला म्हणजे तेच कंद पुन्हां मातींत जातात. हा खटाटोप दरवर्षींचा आहे. तो न करतां कंद जमिनींतच ठेवून पाहावे, त्यांना थंडीची संवय लागेल, जगतील ते खरे, असें म्हणणारा एखादा बागवान निघाला तर त्याचें काय होईल? वसंतांत त्याच्या वाफ्यांत काळसर लगदा तेवढा सांपडेल.

हें असें कां होतें तें पाहण्यासारखें आहे. उष्णमान शून्याखालीं गेलें म्हणजे वनस्पतीच्या शरीरांत प्रथम पेशींच्या मधल्या पोकळींत बर्फाचे स्फटिक धरतात. हा बर्फ पेशींतील पाणी बाहेर ओढून घेतो. पेशी आंतून कोरडी पडत जाते व आक्रसते. सोशीक वनस्पति हें कोरडेपण सोसूं शकते, कारण तिच्या पेशींत साखरेसारखीं द्रव्यें सांठलेलीं असतात आणि पेशींचीं आवरणें त्या ताणास पुरतील अशीं बदललेलीं असतात. नाजूक वनस्पतीचीं आवरणें तो ताण सहन न होऊन निकामी होतात. बर्फ वितळला कीं आंतील रस बाहेर झिरपतो, आणि काल टणक असलेला कंद आज हातांत मऊ लागतो.

सोशीक वनस्पतीची ही तयारीसुद्धां एका रात्रींत होत नाहीं. शरदांत दिवस लहान होत जातात, रात्री हळूहळू गार होतात, आणि या सौम्य थंडीच्या आठवड्यांत ती पुढच्या कडक थंडीसाठीं आपलें अंतरंग बदलून घेते. याच वनस्पतीवर शरदाच्या आरंभींच एकाएकीं कडाका आला तर तीही दगावते. तसेंच वसंतांतील उबेनें एकदां तिची तयारी उतरली कीं, भर हिंवाळ्यांत जी थंडी तिनें लीलया सोसली, तिच्याहून कितीतरी हलकी थंडी तिला पुरेशी होते. सारांश, जिला आपण सोशीक म्हणतों तीही सर्वकाळ सोशीक नसते. सोशीकपणा हा सोसणाऱ्याच्या अंगचा गुण खरा, पण त्याला ऋतूचा क्रम लागतो, आणि तयारीला अवधि लागतो.

आतां याच्या उलट बाजूकडे वळूं. ग्लॅडिओलसच्याच कुलांतील, भरीव कंदाचेंच दुसरें फूल म्हणजे क्रोकस. याची एक जात आल्प्स पर्वतांत वितळत्या हिमाच्या कडेला वसंतारंभीं उमलते. हिला थंडी मारीत तर नाहींच, उलट थंडी नसेल तर ती फुलत नाहीं. तिच्या कंदाला १२ ते १५ आठवडे चांगला गारवा मिळाला नाहीं तर फूल धड वर येत नाहीं. म्हणून ज्यांना घरांत कुंडींत ही फुलें हवीं असतात ते कंद आधीं मुद्दाम थंडींत ठेवितात. याच क्रोकसच्या गोत्रांतील केशराची तऱ्हा आणखी निराळी. काश्मिरांत पांपूरच्या पठारावर तें ऑक्टोबर-नोव्हेंबरांत फुलतें, थंडीच्या दिवसांत त्याचीं पानें जगतात व नवे कंद पोसतात, आणि उन्हाळ्यांत तें जमिनीखालीं निजतें. परंतु या निजेंतच, उन्हाळ्याच्या उबेनें, कंदाच्या पोटांत पुढच्या फुलाची घडण होते. म्हणजे एकाच कुलांतील तीन कंद घेतले तर एकाला कडाक्याची थंडी मारते, दुसऱ्याला थंडीच फुलविते, आणि तिसऱ्याचें फूल घडतें उन्हाळ्यांत व वाढ होते गारठ्यांत. तिघांना एकच नियम लावणारा बागवान किमान एकाचा घात केल्यावांचून राहणार नाहीं.

अधिक मौजेची गोष्ट ही कीं, ज्या ग्लॅडिओलसला थंडी मारते त्यालाही थोडी थंडी हितकर असते. जमिनींतून नुकताच काढलेला कंद लगेच लावला तर पुष्कळदां उगवत नाहीं. तो गाढ निजलेला असतो. चारपांच अंश सेंटिग्रेडच्या गारव्यांत दोनतीन महिने राहिला म्हणजे त्याची झोंप मोडते. म्हणूनच आपल्याकडील उष्ण हवेंत हें फूल पिकविणारेही कंद शीतगृहांत ठेवितात. शून्याच्या किंचित् वरची थंडी ज्याला जागें करते, त्यालाच शून्याखालची थंडी कायमची निजविते. या दोहोंत फार मोठें अंतर नाहीं. पण सगळें जीवनमरण त्या थोड्या अंशांत सांठलेलें आहे.

इतकें पाहिल्यावर आमच्या मूळ प्रश्नाकडे परत येतां येईल. कष्टांनीं मनुष्य घडतो काय? कंदाच्या बाजूनें उत्तर द्यावयाचें तर तें असें: कोणते कष्ट, किती, कोणत्या वेळीं, आणि कोणाला, हें सांगितल्यावांचून या प्रश्नाला अर्थच नाहीं. थंडी ही स्वतः गुरुही नव्हे व वैरीही नव्हे. ज्या प्रकृतीला ती मानवते तिच्या बाबतींत ती गुरु ठरते. आणि अमुक प्रकृतीला ती मानवते यांत त्या प्रकृतीचें मोठेंसें पुण्य नाहीं. तिचे पूर्वज ज्या भूमींत वाढले तिचा तो वारसा आहे. ग्लॅडिओलसमध्यें सुद्धां पॅपिलिओ नांवाची एक जात इंग्लंडमध्यें जमिनींतच हिंवाळा काढते. तिनें संकरित भावंडांना भित्रें म्हणून हिणवावें काय?

आमच्या लहानपणीं आमच्या आळींत एक गृहस्थ राहत असत. सचोटीचे, विद्वान्, आणि मुलांच्या शिक्षणाविषयीं अत्यंत दक्ष. त्यांना दोन मुलगे. दोघांनाही ते पौष-माघाच्या पहांटे चार वाजतां उठवीत, विहिरीच्या थंड पाण्यानें स्नान घालीत, आणि उजाडेपर्यंत पाठांतर करून घेत. चुकीला क्षमा नसे, आणि बरोबर आलें तर शाबासकीही नसे. थोरला पुढें मोठा नांवाजला. धाकटा सतराव्या वर्षीं घरांतून निघून गेला तो परत आला नाहीं. गृहस्थ उतारवयांत आल्यागेल्याला आपल्या शिस्तीचें फळ म्हणून थोरल्याची हकीकत सांगत. धाकट्याविषयीं कोणीं विचारलें तर, “दोघांनाही मीं एकाच हातानें वाढविलें,” एवढेंच म्हणत आणि गप्प बसत. त्या वाक्यांत त्यांना आपला निर्दोषपणा दिसत असे. आम्हांला आतां असें वाटतें कीं, त्यांची चूक नेमकी त्याच वाक्यांत होती. त्यांच्या ठिकाणीं माया नव्हती असें नाहीं. शेवटच्या आजारांत त्यांच्या उशाखालीं धाकट्याची शाळेची वही सांपडली. पण माया असून माहिती नव्हती, आणि न्याय म्हणजे सर्वांना सारखी थंडी, अशी त्यांची समजूत होती.

या गोष्टींत आणखी एक मर्म आहे. कष्टांच्या थोरवीविषयीं आपण जे दाखले ऐकतों ते नेहमीं थोरल्या मुलाचे असतात. रस्त्यावरच्या दिव्याखालीं अभ्यास करून मोठा झालेला मनुष्य सभेंत उभा राहून तें सांगूं शकतो. त्याच दिव्याखालीं डोळे अधू झालेला, किंवा पोटासाठीं अभ्यास सोडून गेलेला, सभेला येतच नाहीं. वसंतांत वाफ्यावर उगवलेलीं रोपें मोजतां येतात. मातींत कुजलेल्यांची मोजणी करावयाची तर माती उकरावी लागते, आणि तें काम कोणी करीत नाहीं. जगलेल्यांच्या साक्षीवरून थंडीचा गौरव करणें ही न्यायाची रीत नव्हे. जो थंडींतून निभावला त्याला आदर अवश्य द्यावा. मात्र त्याचा आदर करतांना आपण थंडीलाच हार घालूं लागतों, तेथें आपलें चुकतें.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. मग काय मुलांना कापसांत गुंडाळून ठेवावें? ऊन लागूं देऊं नये, वारा लागूं देऊं नये? अशा संगोपनानें मनुष्य दुबळा होतो हें आम्हीही डोळ्यांनीं पाहिलें आहे. परंतु बागवान काय करतो तें पुन्हां पाहा. तो कंद काढून शेगडीजवळ ठेवीत नाहीं. उबदार, दमट जागीं ठेविलेला कंद एक तर अवेळीं अंकुर फोडून आपली शिदोरी संपवितो, नाहीं तर त्याला बुरशी लागते. तळघर गारच असावें लागतें. फक्त तें गोठूं नये एवढीच खबरदारी असते. संरक्षण आणि लाड यांतील भेद हाच. लाड करणारा थंडी अजिबात नको म्हणतो. आणि कठोर बाप ती असेल तितकी सोसावी असा हट्ट धरतो. दोघांनाही कंद ठाऊक नसतो. जो जाणता असतो तो कंद हातांत घेऊन पाहतो, त्याची जात विचारतो, आणि मग गारवा किती द्यावयाचा तें ठरवितो. हें काम लाडांपेक्षां व कठोरपणापेक्षांही अधिक मेहनतीचें आहे, कारण त्यांत दरवर्षीं नव्यानें पाहावें लागतें.

थंड प्रदेशांत आणखी एक गोष्ट घडते. ज्या वर्षीं हिंवाळ्यांत भरपूर हिम पडतें त्या वर्षीं जमिनींतील कंद अधिक सुरक्षित असतात. नव्या भुसभुशीत हिमाचा बहुतेक भाग हवेचा असतो, त्यामुळें तें गोधडीप्रमाणें जमिनीची ऊब राखतें. ज्या वर्षीं हिम न पडतां नुसता कोरडा कडाका पडतो, तें वर्ष घातक. पाहणाऱ्याला पांढरेंशुभ्र हिम पाहून कींव येते, आणि उघडी स्वच्छ जमीन पाहून हायसें वाटतें. प्रत्यक्ष स्थिति उलट असते. माणसांच्या दुःखांचेंही पुष्कळदां असेंच असतें. ज्या घरांत विपत्ति उघड दिसते, पण माणसें एकमेकांना धरून असतात, तेथील मुलें तिच्याखालींही उबदार राहतात. आणि जेथें वरून सर्व ठाकठीक आहे, पण कोणी कोणाशीं मायेनें बोलत नाहीं, तेथें कडाका सरळ मुळापर्यंत पोंचतो. गरिबीनें अमुक मोठा झाला असें आपण म्हणतों तेव्हां त्या गरिबीवर कोणाच्या मायेची गोधडी होती, हें विचारावयाचें आपण विसरतों. गरिबीला दिलेलें श्रेय पुष्कळदां एखाद्या आईचें असतें.

आतां अधिकाराचा प्रश्न राहिला. स्वतः होऊन कष्ट पत्करणें ही एक गोष्ट, आणि दुसऱ्याला ते हितकर आहेत म्हणून लावून देणें ही दुसरी. तपस्वी थंडींत उभा राहतो तो आपल्या इच्छेनें. त्याला केव्हांही आंत येतां येतें. मुलाला, सुनेला, आश्रिताला, नोकराला ती मुभा नसते. जेथें थंडी निव्वळ निसर्गाची आहे आणि आपला कांहींच इलाज नाहीं, तेथें धीर धर म्हणणें योग्यच होय. परंतु कंद उकरून काढण्याचें सामर्थ्य ज्याच्या हातांत आहे, त्यानें तो जमिनींत राहूं दिला तर तो मेला थंडीनें खरा, पण थंडीच्या हातीं त्याला दिलें कोणीं? आणि ग्लॅडिओलसचें ऋण तर याहूनही मोठें आहे. त्याला त्याच्या भूमींतून उचलून मनुष्यानेंच आणलें. फूल मोठें व्हावें, रंग खुलावा, म्हणून मनुष्यानेंच त्याचे संकरावर संकर केले, आणि ते करतांना तें थंडींत टिकेल किंवा नाहीं याची फारशी चिंता वाहिली नाहीं. त्याच्या नाजूकपणाला मनुष्यच जबाबदार आहे. ज्या मुलांना आपण आपल्या हौसेप्रमाणें घडवितों, आपल्या महत्त्वाकांक्षेच्या हवेंत नेऊन लावतों, आणि मग तेथील थंडी सोसत नाहीं म्हणून बोल लावतों, त्यांच्याविषयीं निराळें कांहीं सांगण्याची आवश्यकता आहे काय?

एक शंका मात्र उरते. प्रत्येकाची प्रकृति आधीं कशी ओळखावी? कंदाची जात नांवावरून कळते. मुलाच्या कपाळावर असें नांव लिहिलेलें नसतें. हें खरें आहे. अनुभवी बागवानही प्रयोग करतो. भिंतीच्या आडोशाला, पाण्याचा निचरा होणाऱ्या मातींत, वर पेंढ्याचा जाड थर घालून चार कंद जमिनींत ठेवून पाहतो. आणि सौम्य हिंवाळ्यांत ते कधीं कधीं जगतातही. पण हा प्रयोग तो पिशवीभर कंद तळघरांत सुखरूप ठेवून, जादा असलेल्यांवर करतो. हातांत एकच कंद असता तर त्यानें तो प्रयोग केला नसता. आणि आपल्या हातांत जो असतो तो नेहमीं एकच असतो. चार मुलें असलीं तरी त्यांतील प्रत्येक मूल एकच असतें. त्याच्याऐवजीं लावावयास दुसरें पिलूं नसतें. म्हणून थंडी किती द्यावी याविषयीं संशय असेल तर चूक व्हावी ती उबेच्या बाजूनें व्हावी, असें आम्हांला वाटतें. थोडा अधिक जपलेला कंद फार तर उशिरा फुलतो. गोठलेल्याला पुढचा वसंत नसतो.

टांकीचें वचन आपल्या बोलण्यांतून जाणार नाहीं, आणि जावें असेंही नाहीं. ज्यानें घाव सोसले त्यानें तें स्वतःविषयीं म्हणावें. त्यांत त्याच्या जखमांचा मान आहे. आपण मात्र तें दुसऱ्याला ऐकविण्यापूर्वीं क्षणभर थांबावें, आणि समोरचें माणूस कोणत्या मातीचें आहे, त्याच्यावर किती थंडी पडून गेली आहे, आणि त्याला उचलून आंत घेणें आपल्या हातीं आहे कीं नाहीं, एवढें पाहावें. पुष्कळ वेळां तें आपल्या हातीं असतें. त्या वेळीं वचन बाजूला ठेवून जमीन गोठण्यापूर्वीं उकरावयास लागावें, हेंच बरें.